उरलेल्या सुट्या भागांतून घडलेल्या गिटारी : फेंडर स्विंगर, कस्टम आणि त्यांची भावंडे

तंतुवेध

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींवर येथे अनेकदा चर्चा होते, पण ती बहुधा स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि लेस पॉल यांच्यापाशीच थांबते. मला आज कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे, फेंडरच्या कारखान्यात १९६९च्या सुमारास तयार झालेल्या दोन वाद्यांविषयी लिहायचे आहे. गोदामात पडून राहिलेला माल संपवायचा होता, एवढ्या एका कारणासाठी ती जन्माला आली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी बाजारात आलेली दोन वाद्ये फारशी खपली नाहीत. पहिले 'बेस फाइव्ह', म्हणजे पाच तारांची बेस गिटार. त्यात पाचवी तार खर्जाकडे न देता वरच्या सी स्वरासाठी दिलेली होती आणि पडदे फक्त १५ होते. दुसरे 'इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह', म्हणजे बारा तारांची गिटार, जिच्या लांबट वळणदार हेडस्टॉकला (मानेच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागाला) लोक 'हॉकी स्टिक' म्हणत. दशक संपत आले तेव्हा या दोन्हींच्या बॉड्या आणि माना कारखान्यात शिल्लक होत्या. त्यांचे काहीतरी करण्याचे काम विर्जिलिओ सिमोनी यांच्याकडे आले. कारखान्यात त्यांना 'बेब' म्हणत.

सिमोनींनी बेस फाइव्हच्या बॉडीला नवा आकार दिला, तिच्या खालच्या टोकाला खोलगट कापणी केली, तिच्यावर फेंडरच्याच म्युझिकमास्टर गिटारीची साडेबावीस इंच स्केलची (तारेच्या वाजत्या लांबीची) छोटी मान बसवली आणि हेडस्टॉक बाणाच्या टोकासारखा कापला. ही स्विंगर. काहींवर 'स्विंगर' हे नाव आहे, काहींवर नुसतेच 'फेंडर'. इलेक्ट्रिक ट्वेल्व्हपासून त्यांनी सहा तारांची 'कस्टम' केली. बॉडीला खाली टोक काढले, बारांपैकी सहा खुंट्यांची भोके बुजवली आणि फेंडरच्याच मस्टँग गिटारीचा ट्रेमोलो (सूर हेलकावणारी दांडी) लावला. मोजक्या गिटारींवर 'कस्टम'ऐवजी 'मॅव्हरिक' हे नाव आढळते.

माझे मत असे आहे की या गिटारींची नोंद केवळ गोदाम रिकामे करण्याची युक्ती म्हणून न होता वाद्यरचना म्हणून व्हायला हवी. आपणास काय वाटते?

षड्ज

विषय फार आवडला. कस्टमचे छायाचित्र मी प्रथम पाहिले तेव्हा ती एखाद्या जपानी कारखान्यातली गिटार असावी असे वाटले होते. फेंडरच्या नेहमीच्या रेषा तिच्यात ओळखू येतात, पण त्या अपेक्षित ठिकाणी संपत नाहीत.

हिशेबनीस

तंतुवेध, आपले लेखन वाचनीय आहे, तथापि निष्कर्षाशी मी सहमत नाही. माझे आयुष्य कारखान्यांचे हिशेब तपासण्यात गेले. अर्धवट तयार माल ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसत राहतो. तो मोडीत काढला तर तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो, आणि थोडी जादा मजुरी घालून विकला तर निदान खर्च वसूल होतो. कोणताही व्यवस्थापक दुसरा मार्ग निवडेल आणि त्यात गैर काहीच नाही.

माझा आक्षेप नावाला आहे. 'कस्टम' म्हटल्यावर ग्राहकाला हे वाद्य खास मागणीवरून घडवले आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या हाती न खपलेल्या बारा तारांच्या गिटारीची मान येत होती, भोके बुजवलेली. ही रचना असेल तर वेष्टन बदलणे हीदेखील रचनाच म्हणावी लागेल.

मेघना_फिलाडेल्फिया

येथे मला एक प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट सांगावीशी वाटते. टेक्सासमध्ये जुन्या गिटारींचे जे प्रदर्शन भरते, तेथे एका विक्रेत्याकडे कस्टम होती आणि त्याने ती मला हातात घेऊ दिली. हेडस्टॉकच्या दर्शनी भागावर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला होता आणि समोरून पाहताना काहीही संशय येत नव्हता. दिव्याच्या तिरप्या उजेडात ती फिरवली तेव्हा मात्र लाखेखाली बुजवलेल्या भोकांच्या गोल कडा दिसू लागल्या. इतक्या वर्षांत लाकूड आकसले, बुचे किंचित खाली बसली आणि वरच्या थराने त्यांचा ठसा घेतला. बोटाला तेथे काहीही लागत नव्हते, फक्त डोळ्याला जाणवत होते.

हिशेबनीस यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण हे काम घाईत उरकलेले मुळीच नव्हते. मानेच्या कडेची पांढरी पट्टी आणि पडद्यांमधले चौकोनी शिंपले जसेच्या तसे होते, आणि खाली काढलेले टोक दोन्ही बाजूंनी सारख्या गोलाईने घासलेले होते.

लाकूडकाम

सुतारकाम करणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट मांडतो. तयार बॉडीला नवा आकार देताना लाकूड काढता येते, घालता येत नाही. जोडकाम केले तर ते रंगाखालूनही कधीतरी दिसतेच. त्यामुळे सिमोनींच्या हाती फक्त वजाबाकी होती. बेस फाइव्हची बॉडी लांब होती, कारण ती ३४ इंच स्केलच्या बेससाठी होती. साडेबावीस इंचांच्या मानेला तेवढ्या लांबीची गरज नव्हती, मग ते लाकूड काढायचे कोठून? खालच्या टोकातून. स्विंगरच्या तळाची ती खोलगट कापणी अनेकांना लहर वाटते. मला ती या अडचणीचे सरळ उत्तर वाटते.

यात आणखी एक बंधन असते. बॉडीवर पिकअपसाठी (तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागासाठी) आणि विजेच्या तारांच्या जोडणीसाठी खोबणी आधीच पाडलेली असते. त्या खोबणीजवळ करवत नेता येत नाही, आणि ती झाकण्यासाठी पिकगार्ड (बॉडीवरची पातळ पट्टी) पुरेसा मोठा ठेवावा लागतो. म्हणजे नव्या आकाराची आतली सीमा जुन्या वाद्याने ठरवलेली आणि बाहेरची सीमाही जुन्याच वाद्याने ठरवलेली. या दोन सीमांच्या मध्ये जी थोडी जागा उरते तेथे रेषा ओढायची. कोऱ्या फळीवर गिटार आखणाऱ्याला हा पेच कधी पडत नाही. आदल्या दिवशीच्या पोळ्यांचा कुस्करा करणाऱ्या बाईला स्वयंपाक येत नाही असे आपण म्हणत नाही, उलट तिचे कसब तेथेच कळते.

निषाद

लाकूडकाम यांचा प्रतिसाद संग्रही ठेवण्यासारखा आहे.

गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीचेही एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. १९६९मध्ये लेस पॉल डीलक्स आली. तिच्यातील मिनी हंबकर (गुणगुण कापणारे, दोन गुंडाळ्यांचे छोटे पिकअप) मुळात गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोन वाद्यांसाठी केलेले होते. एपिफोनचे उत्पादन मिशिगनमधील कॅलमाझू येथून जपानला हलवण्याचे ठरले आणि हे पिकअप उरले. लेस पॉलच्या बॉडीवर पी-नाइन्टी या गिब्सनच्या जुन्या पिकअपच्या मापाची खोबणी होतीच. तेव्हा पी-नाइन्टीच्या आवरणाला मधोमध चौकोनी छेद देऊन त्यात मिनी हंबकर बसवला. बॉडीची नवी कोरणी लागली नाही आणि पडून असलेला मालही मार्गी लागला.

ही गिटार चांगली खपली आणि बरीच वर्षे चालली. गिटारवादक पीट टाउनझेंड यांनी १९७०च्या दशकात रंगमंचावर त्या वापरल्या, आणि कोणती गिटार कोणत्या गाण्यासाठी हे कळावे म्हणून त्यांवर मोठे आकडे चिकटवले. आज डीलक्सला कोणी उरलेल्या मालाची गिटार म्हणत नाही. तिचा थोडा उजळ, टोकदार आवाज हीच तिची ओळख झाली आहे.

एपिफोनच्या बाबतीत तर हे आधीही घडले होते. गिब्सनने १९५७मध्ये एपिफोन घेतली तेव्हा न्यूयॉर्कच्या जुन्या कारखान्यातील माना आणि पिकअपही आले. कॅलमाझूत तयार झालेल्या सुरुवातीच्या शेरेटन गिटारींवर तेच 'न्यूयॉर्क' पिकअप दिसतात.

गिरगावकर_जुने

आमच्याकडे या गोष्टीला वेगळीच किनार होती. १९६०-७०च्या दशकांत परदेशी वाद्ये आयात करणे सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरचे होते. माझे वडील वाद्यांची दुरुस्ती करीत. एखाद्या बँडची परदेशी गिटार पडून मोडली तर तिचा एकही भाग टाकला जात नसे. ब्रिज एका गिटारीला जाई, खुंट्या दुसरीला, आणि जळालेला पिकअप वडील ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तांब्याच्या तारेने पुन्हा गुंडाळीत. हाताने फिरवायच्या यंत्रावर ते काम करताना वळसे मोजावे लागत, त्यामुळे त्या वेळी घरात कोणीही बोलायचे नाही असा दंडक होता.

अशा गिटारींना नाव नसे. त्या वाजत आणि लोकांचे पोट चालवीत. फेंडरच्या गोदामातील प्रश्न भरपूर मालाचा होता आणि आमचा टंचाईचा, तरी कामाची रीत मला सारखीच वाटते.

रणजित_सा

एक विरोधी मत नोंदवतो. स्विंगर काहीशेच बनल्या आणि म्हणूनच त्या आज दुर्मिळ आहेत. दुर्मिळ आहेत म्हणून महाग, आणि महाग आहेत म्हणून आपण त्यांच्यात गुण शोधतो, असे तर होत नाही ना? सुट्या भागांचीच गिटार हवी असेल तर क्वीन या बँडच्या ब्रायन मे यांची 'रेड स्पेशल' घ्या. वडिलांबरोबर त्यांनी ती १९६३पासून घरी घडवली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि पडद्यांच्या खुणा शिंपल्याच्या बटणांच्या. तिने अर्धशतक मोठमोठी मैदाने भरवली. आपल्या पाचगणीला शाळा शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्या आवाजामागे तीच गिटार ऐकू येते.

तंतुवेध

रणजित, रेड स्पेशल अजोड आहे, यात शंका नाही. पण ती या धाग्यातील प्रश्नाला लागू पडत नाही. तेथे हवा तो आवाज आधी मनात होता आणि त्यासाठी मिळेल ते साहित्य गोळा केले गेले. सिमोनींपुढे साहित्य आधी होते आणि त्यातून काय होऊ शकते हे नंतर शोधायचे होते. प्रवासाची दिशाच उलटी आहे.

दुर्मिळतेचा मुद्दा मात्र रास्त आहे. किमतीचा आणि रचनेच्या गुणाचा संबंध किती सैल असतो याचे उदाहरण म्हणजे गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची 'ब्लॅकी'. त्यांनी १९७०मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र करून एक गिटार केली. २००४च्या लिलावात ती ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. तिच्या प्रत्येक भागाचे माप कारखान्याच्या आराखड्याप्रमाणेच होते, त्यामुळे रचना म्हणून तिच्यात नवे काही नव्हते. किंमत ती वाजवणाऱ्या हाताची होती.

रेवा_वादक

वाजवणाऱ्याच्या बाजूने कोणी बोललेले दिसत नाही, म्हणून लिहिते. मी साडेबावीस इंचांची मान असलेली म्युझिकमास्टर वापरते. फेंडरने १९५६मध्ये ती आणि ड्युओ-सॉनिक शिकाऊ वादकांसाठी आणली होती. स्विंगरवर हीच मान आहे, त्यामुळे माझा अनुभव तिलाही लागू व्हावा.

तार तीच आणि सूर तोच ठेवला तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. साडेपंचवीस इंचांच्या स्ट्रॅटोकास्टरशी तुलना केली तर या मानेवर ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. नऊच्या (इंचाच्या हजारांश मापात) बारीक तारा लावल्या की त्या रबरासारख्या सैल लागतात आणि जरा जोरात दाबले की सूर चढतो. याच कारणासाठी पुष्कळ जण ही गिटार खेळण्यातली म्हणून बाजूला ठेवतात. अकराच्या किंवा बाराच्या तारा लावल्यावर मात्र वाद्य बदलते. बारावा पडदा सव्वाअकरा इंचांवर येतो, लहान हाताला लांबच्या पकडी सहज जमतात आणि आवाजाला एक बुटका, ठसठशीत ठोका येतो जो लांब मानेवर मिळत नाही.

स्विंगरवर एकच पिकअप आहे आणि तो मानेजवळ आहे. आखूड तार आणि मानेजवळचा पिकअप या दोहोंमुळे आवाज गोलसर राहतो. तालवादनासाठी मला ही जोडी अतिशय योग्य वाटते.

हिशेबनीस

रेवाताई, आपल्या प्रतिसादामुळे माझा विरोध थोडा सैल झाला आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचेही पुरावे मांडतो. शिल्लक माल वापरणे हा फेंडरमध्ये अपवाद नव्हताच. १९७०च्या सुमारास आलेल्या म्युझिकमास्टर बेसमध्ये चार तारांखाली चक्क सहा खांबांचा गिटारचा पिकअप आहे. प्लास्टिकच्या बंद आवरणामुळे तो कोणाला दिसत नाही. १९६६मध्ये कारखान्याने व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटचा (फिरवायच्या नियंत्रकांचा) इतका मोठा साठा घेतला की दशकाच्या अखेरीस बनलेल्या गिटारींतही १९६६ची खूण असलेले पॉट निघतात.

सर्वांत गाजलेले उदाहरण १९५१चे आहे, सीबीएस येण्याच्या कितीतरी आधीचे. 'ब्रॉडकास्टर' या नावाला ग्रेच कंपनीने हरकत घेतली, कारण त्यांचे ड्रम तशाच नावाने विकले जात होते. फेंडरकडे छापलेल्या नावपट्ट्या शिल्लक होत्या. त्यांनी पट्टीतून 'ब्रॉडकास्टर' हा शब्द कापून टाकला आणि 'फेंडर' एवढेच ठेवून गिटारी विकणे सुरू ठेवले. पुढे 'टेलिकास्टर' हे नाव आले. मधल्या त्या बिननावाच्या गिटारींना संग्राहक 'नोकास्टर' म्हणतात आणि त्यांच्यासाठी मोठी रक्कम मोजतात.

समीर_सिएटल

मंडळी, हा धागा माझ्यासाठी अगदी वेळेवर आला. येथे एका गृहस्थांकडे स्विंगर विकाऊ आहे. मानेच्या टाचेवर १९६६चा शिक्का आहे असे ते सांगतात, पण गिटार १९६९ची असल्याचा त्यांचा दावा आहे. हा फरक पाहून मी मागे हटावे का? आणि खरी खोटी ओळखावी कशी? पुढे ती भारतात आणण्याचा विचार आहे.

लाकूडकाम

समीर, शिल्लक भागांच्या गिटारीत तारखांचा फरक अपेक्षितच असतो. टाचेवरचा शिक्का मान कधी बनली ते सांगतो, गिटार कधी जुळवली ते सांगत नाही. सगळ्या तारखा एकाच महिन्याच्या निघाल्या असत्या तर मी अधिक सावध झालो असतो.

मान काढून शिक्का स्वतः पाहावा. तारखेनंतरचे अक्षर मानेची नटजवळची (हेडस्टॉकच्या सुरुवातीच्या पट्टीजवळची) रुंदी दर्शवते, ते प्रत्यक्ष मापाशी जुळते का हे तपासावे. पॉटवरील आकड्यांत १३७ने सुरुवात असेल तर तो सीटीएस कंपनीचा आणि ३०४ने असेल तर स्टॅकपोल कंपनीचा. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा देतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिकगार्ड काढून खालची खोबणी पाहावी. तेथे बेस फाइव्हचा इतिहास दिसायला हवा. मस्टँगची बॉडी कापून कोणी स्विंगर केली असेल तर ती याच ठिकाणी उघडी पडेल. तसेच तळाच्या कापलेल्या कडेवरील रंग भिंगाखाली पाहावा. तेथील थर आणि पिवळेपणा उरलेल्या बॉडीसारखाच असावा. कडेवरच रंग जाड किंवा अधिक ताजा दिसला तर कापणी नंतरची आहे असे समजावे.

मेघना_फिलाडेल्फिया

भारतात आणण्याबाबत एक सूचना. फिंगरबोर्डचे (मानेवरील पडदे बसवलेल्या फळीचे) लाकूड कोणते आहे याची विक्रेत्याकडून लेखी नोंद घ्या. ब्राझिलियन शिसव १९९२पासून साइट्सच्या (धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याची सीमापार ने-आण परवान्याशिवाय करता येत नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर फेंडरच्या फिंगरबोर्डांवर भारतीय शिसव दिसू लागते, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढते तेच. त्यासाठी तयार वाद्यांना २०१९पासून सूट आहे. आपली मान नेमकी या बदलाच्या काळातील आहे, त्यामुळे अंदाजावर विसंबू नये.

निषाद

गिटार घडवणारे डॅन आर्मस्ट्राँग यांचा उल्लेख राहून जाऊ नये. १९६९मध्ये न्यू जर्सीतील नेपच्यून येथील डॅनइलेक्ट्रो या गिटार कंपनीचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी शिल्लक माल घेतला आणि मॅसोनाइटच्या (दाबून केलेल्या लाकडी तंतूंच्या फळीच्या) त्या हलक्या बॉड्यांवर एकच हंबकर बसवून गिटारी विकल्या. डॅनइलेक्ट्रोचे मूळ पिकअप लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांत बसवलेले असत. म्हणजे एका क्षेत्रातला तयार माल दुसऱ्या क्षेत्रात वापरूनच त्या कंपनीचा आवाज घडला होता.

तंतुवेध

मूळ प्रश्नाकडे पुन्हा येतो. लाकूडकाम आणि रेवा यांच्या प्रतिसादांमुळे मला माझे म्हणणे अधिक नेमके मांडता येईल असे वाटते. जुळवलेली गिटार ही रचना आहे की नाही हे तिच्या जन्माच्या कारणावरून ठरवू नये. तिच्या मूळ वाद्यांना जे करता येत नव्हते ते तिला करता येते का, हे पाहावे. बेस फाइव्हची बॉडी आणि म्युझिकमास्टरची मान मिळून स्विंगर झाली. तिचा तोल आणि आकार त्या दोघींपैकी कोणाकडेच नव्हते. डीलक्सचा आवाज आधीच्या लेस पॉलमध्ये नव्हता. या कसोटीला या दोघी उतरतात.

कस्टमबाबत मी तितका ठाम नाही. तिच्यात इलेक्ट्रिक ट्वेल्व्हचे दोन तुकड्यांचे पिकअप आणि चार जागांचा फिरता स्विच तसाच आहे. पण सहा तारा लावल्यावर त्या पिकअपांतून काही निराळे मिळते की केवळ अर्धी इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह मिळते, हे ती वाजवलेल्या व्यक्तीनेच सांगावे.

मेघना_फिलाडेल्फिया

मी ती त्या प्रदर्शनात थोडा वेळ अँप्लिफायरला जोडून वाजवली होती, म्हणून सांगू शकते. पिकअपचे दोन तुकडे एकमेकांची गुणगुण कापतात, त्यामुळे एका गुंडाळीच्या (सिंगल कॉइल) पिकअपसारखा स्वच्छ आवाज असूनही मागे घरघर नव्हती. दोन्ही पिकअप एकत्र ठेवून मस्टँगचा ट्रेमोलो हळू हलवला तेव्हा जो आवाज आला तो इलेक्ट्रिक ट्वेल्व्हवर येणे शक्यच नाही, कारण तिला ट्रेमोलोच नव्हता. आपल्या कसोटीला मी कस्टमलाही उत्तीर्ण करीन, मात्र तिच्या नावाबद्दलचा हिशेबनीस यांचा आक्षेप मला अजूनही योग्य वाटतो.

समीर_सिएटल

सर्वांचे आभार. शनिवारी पिकगार्ड उघडण्यास विक्रेत्याने संमती दिली आहे. खोबणी, टाच आणि तळाची कड यांची छायाचित्रे याच धाग्यावर देईन. लाकूडकाम, खोबणीचे मापही घेणार आहे, तेव्हा आपण ती पाहून मत द्यावे ही विनंती.